मेकॅनिकल शिकून पुढे काय?

(रहिमतपूर येथे वसतिगृहाच्या उपकारस्तुतीच्या सभेत एका विद्यार्थ्याने केलेले भाषण. वक्ते नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव तालुक्यातले असून यंत्र अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात शिकत आहेत. बोलण्याचा ओघ तसाच ठेवून हा मजकूर देत आहोत. – संपादक)



मला विषय दिलाय ‘कॉलेजचा अनुभव आणि पुढचा विचार’. अनुभव सांगणं सोपं आहे. पुढचा विचार सांगणं जरा अवघड आहे, कारण तो ऐकून तुमच्यापैकी काहींना वाईट वाटण्याचा संभव आहे. पण सहा वर्षं तुम्ही माझ्यासाठी प्रार्थना केली आणि दानार्पणातून माझ्या जेवणाचा आणि पुस्तकांचा खर्च दिला. तेव्हा गोड तेवढंच सांगून खाली बसणं मला बरोबर वाटत नाही.

आधी मेकॅनिकल म्हणजे काय ते सांगतो. आमच्या पाड्यावर लोकांना वाटतं, मी गाड्या दुरुस्त करायला शिकतोय. रहिमतपुरात विचारतात, ‘आमची मोटर जळली, बघतोस का?’ दोन्ही तसं चूक नाही. जोर कुठून येतो, तो एका जागेवरून दुसऱ्या जागी कसा न्यायचा, वाटेत किती वाया जातो आणि तो सोसायला कुठला धातू किती जाड लागतो, एवढाच हा विषय आहे. बैलगाडीच्या आसापासून आगगाडीच्या इंजिनापर्यंत सगळं त्यात येतं.

आणि हा विषय शिकायला या भागासारखी जागा नाही. आपल्या स्टेशनवरून मिरजेकडे जाणारी गाडी धरली की पुढे किर्लोस्करवाडी लागते. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले होते. रंग नीट ओळखता येत नाहीत असं कळल्यावर ते यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले, आणि पुढे तोच विषय त्यांनी मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवला. १९१० साली औंधच्या राजेसाहेबांनी दिलेल्या माळरानावर त्यांनी कारखाना उभा केला. त्यांचा लोखंडी नांगर सुरुवातीला कोणी घेईना. लोखंडानं जमीन नासते, असा शेतकऱ्यांचा समज होता. इकडे पुण्याच्या दिशेला गेलं तर सातारा रोडला कूपर यांचा कारखाना. तिथेही नांगरापासून सुरुवात होऊन पुढे डिझेल इंजिनं झाली. कराडजवळ ओगलेवाडीत काचेचा कारखाना होता, तिथले प्रभाकर कंदील तुमच्या आजी-आजोबांच्या घरात जळले असतील. नांगर, इंजिन आणि कंदील हे सगळं एकाच रेल्वेमार्गाच्या कडेला तयार झालं. ते करणाऱ्यांनी आपल्या शेजारच्या माणसाला काय लागतं ते आधी पाहिलं होतं. हे मला पुस्तकात नंतर सापडलं. पण इथल्या बाजारात आलं धुण्याचं यंत्र जोडणारे, उसाच्या रसाची चरकं दुरुस्त करणारे मिस्त्री मी आधी पाहिले, आणि या गावात लोखंडाला मान आहे एवढं मला पहिल्याच वर्षी कळलं.

आता कॉलेज. मी धडगाव तालुक्यातल्या आश्रमशाळेत दहावी झालो. मग इथं आपल्या वसतिगृहात राहून तीन वर्षं डिप्लोमा केला आणि डिग्रीला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळाला. सांगायला हे दोन वाक्यांत होतं. पण मधे तीन भाषा आहेत. घरी आम्ही पावरी बोलतो. शाळेत मराठी होती, आणि ती माझ्यासाठी परकी भाषाच होती. सहावी-सातवीपर्यंत मी ती मनात उलटवून मग बोलायचो. मराठीत जरा पाय रोवले तोवर डिप्लोमा आला इंग्रजीतून.

एक गंमत सांगतो. पहिल्याच आठवड्यात सरांनी फळ्यावर दोरीला टांगलेलं वजन काढलं आणि म्हणाले, ‘दोरीतलं टेन्शन काढा.’ वसतिगृहात टेन्शन म्हणजे फी भरायची राहिली, घरून फोन आला नाही, असलं काही. दोरीला कसलं टेन्शन असणार? माझ्या शेजारचा मुलगाही माझ्यासारखाच बघत बसला होता. त्या दिवसापासून मी एक वही केली. तिच्यात तीन रकाने होते. पहिल्यात इंग्रजी शब्द देवनागरीत, दुसऱ्यात मराठी, तिसऱ्यात पावरी. तिसरा रकाना बऱ्याचदा रिकामा राहायचा. मग मी तिथे चित्र काढायचो. ‘टॉर्क’ला आमच्यात शब्द नाही, पण जात्याचा खुंटा आहे. खुंटा कडेला असला तर जातं हलकं फिरतं, मधे आणला तर हात भरून येतो. तिसऱ्या रकान्यात मी जातं काढलं. ती वही आता वसतिगृहात आहे. डिप्लोमाला गेलेली दोन मुलं ती वापरतात आणि आपापले शब्द तिच्यात घालतात.

जिथे भाषा लागत नव्हती अशी पहिली जागा म्हणजे वर्कशॉप. पन्नास मिलिमीटर लांब-रुंद आणि सहा मिलिमीटर जाड अशी लोखंडी पट्टी हातात देतात. एकीला ‘व्ही’ आकाराची खाच करायची, दुसरीला तसंच टोक, आणि दोन्ही एकमेकींत बसवायच्या. साधन म्हणजे हॅक्सॉ आणि कानस. कानस सरळ चालवणं वाटतं त्याहून पुष्कळ अवघड आहे. हात नकळत डोलतो आणि पट्टीच्या कडा झिजून मधे फुगवटा राहतो. आमचे निदेशक काही बोलायचे नाहीत. ते पट्टीला गुण्या लावायचे आणि खिडकीच्या उजेडाकडे धरायचे. फटीतून उजेड दिसला की पट्टी परत हातात यायची. त्यात इंग्रजी, मराठी, गाव, जात, कुठून आलास, काही नाही. उजेड दिसतो किंवा दिसत नाही. माझी पट्टी बसली तेव्हा निदेशकांनी ती इतर मुलांना दाखवली. मला वाटतं, या वर्गात आपण बसू शकतो हा विश्वास मला त्या दिवशी मिळाला.

दुसरं म्हणजे ड्रॉइंग. एखादी वस्तू समोरून, वरून आणि बाजूनं कशी दिसेल ते कागदावर काढायचं. शहरातल्या बऱ्याच मुलांना वरून दिसणारं चित्र डोळ्यासमोर आणायला त्रास व्हायचा. मला कधी झाला नाही. सातपुड्यात आमची घरं उतारावर, एकमेकांपासून लांब लांब, आपापल्या शेतात असतात. वरच्या वाटेनं येताना घराचं छप्पर दिसतं, खालच्या शेतातून पुढची भिंत दिसते आणि आडव्या पायवाटेनं आलं की बाजू. लहानपणापासून आम्ही घर तिन्ही बाजूंनी बघतच वाढतो. आदिवासी मुलाला अमुक येत नाही, तमुक येत नाही, हे आपण पुष्कळदा ऐकतो. त्याला आधीच काय येतं हेही कोणीतरी विचारावं, म्हणून हे सांगितलं.

निर्गमाच्या पुस्तकात बसालेल नावाचा कारागीर आहे. सोनं, रुपं, पितळ, लाकूड, पाषाण यांचं काम करण्याचं कसब त्याला देवाच्या आत्म्यानं दिलं, असं तिथे सांगितलंय. लहानपणी संडेस्कूलमध्ये आम्हाला मोशे, दावीद, दानीएल शिकवले. बसालेल मला वर्कशॉपला गेल्यावर भेटला. देवाच्या निवासमंडपाला उपदेशकाबरोबर फिटरही लागला होता, हे वाचून मला फार धीर आला.

आता माझ्या प्रोजेक्टकडे येतो, कारण माझा पुढचा विचार त्यातून निघालाय. आमचा विषय होता हापसा. पाड्यावरचा साधा हापसा, ज्याला सरकारी कागदात हातपंप म्हणतात.

हापशाचा इतिहास आपल्या मंडळीनं ऐकण्यासारखा आहे. १९६०च्या दशकाच्या अखेरीस देशात दुष्काळ पडले, आणि १९७२चा दुष्काळ तर तुमच्यातल्या वडीलधाऱ्यांनी पाहिलेला आहे. कठीण खडकात बोअर घेणारी यंत्रं आली, गावोगाव बोअर झाले आणि त्यांवर ओतीव लोखंडाचे पंप बसवले गेले. ते पंप परदेशातल्या शेतघरांसाठी बनवलेल्या नमुन्यावरचे होते. एका कुटुंबानं दिवसातून चार बादल्या काढाव्यात, एवढंच त्यांचं काम. आपल्याकडे पहाटेपासून रात्रीपर्यंत अख्खं गाव त्यावर उभं. ते मोडायला लागले. १९७०च्या दशकात पाहणी झाली तेव्हा चारातले तीन पंप बंद आढळले. जमिनीखाली पाणी होतं आणि वर माणसं तहानलेली होती.

यातून वाट निघाली ती आपल्या महाराष्ट्रात. जालन्याला चर्च ऑफ स्कॉटलंडचं मिशन होतं. तिथल्या लोकांनी पंपाचं डोकं बदलून पोलादाचं, मजबूत केलं. तो जालना पंप. पुढे सोलापूरला त्याहून टिकाऊ पंप तयार झाला. त्याची रचना स्वतःच्या हातानं शिकलेल्या एका भारतीय मेकॅनिकनं केली होती. दांड्याला बेअरिंग, आणि दांड्यापासून खालच्या सळईपर्यंत साखळी. साखळीमुळे सळई सरळ खाली-वर होते, तिरकी घासत नाही. त्याच सोलापूर पंपावरून युनिसेफच्या मदतीनं मद्रासला ‘इंडिया मार्क दोन’ हा पंप सिद्ध झाला. १९७०च्या दशकाच्या अखेरीस तो मोठ्या प्रमाणावर बनू लागला. त्याचं पेटंट कोणी घेतलं नाही. साध्या वर्कशॉपमध्ये बनवता यावा असाच तो आहे. १९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंत जगभर असे सुमारे पन्नास लाख पंप बसले होते. आफ्रिकेतल्या खेड्यात एखादी बाई पाणी हापसते तेव्हा तिच्या हातातल्या दांड्याचं मूळ सोलापूर आणि जालन्यात असतं. ज्या मंडळ्यांनी तेव्हा जालन्याच्या मिशनला पैसे पाठवले, त्यांना यातलं काही ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

आता थोडं गणित सांगतो, कंटाळू नका. मार्क दोनच्या सिलिंडरचा व्यास साडेत्रेसष्ट मिलिमीटर, आणि एका हापशाला आतला दट्ट्या सव्वाशे मिलिमीटर वर येतो. त्याचा हिशोब केला तर एका हापशाला साधारण ४०० मिलिलिटर पाणी येतं. म्हणजे पंधरा लिटरची कळशी भरायला अडतीस-चाळीस हापसे. पाणी तीस मीटर खोल असेल तर पाण्याचा खांब आणि सळया मिळून सव्वाशे किलोच्या आसपास भार होतो. दांड्याची रचना एकास आठ असल्यामुळे हाताला तो पंधरा-सोळा किलो लागतो. माझ्या आईला हे आकडे माहीत नाहीत, पण तिच्या खांद्याला ते माहीत आहेत.

हापसा बंद पडतो तो बहुतेक वेळा मोठ्या कारणानं नाही. दट्ट्याला एक वाटीसारखं वायसर असतं. पूर्वी ते चामड्याचं असे, आता रबराचं असतं. ते झिजलं की पाणी वर चढत नाही. वायसर तळहातात मावतं, पण ते असतं तीस मीटर खाली. ते बदलायला तीन-तीन मीटरचे दहा पाइप, आतल्या सळया आणि सिलिंडर, सगळं उपसून वर काढावं लागतं. पाइपातलं पाणी धरून ते दीडशे किलोच्या आसपास जातं. त्यासाठी तिवई लागते, पाइप धरायचं शिकंजं लागतं, पाच-सहा माणसं लागतात, आणि हे सगळं आणायला गाडी लागते. जिथे गाडी जाते तिथला हापसा दुरुस्त होतो. आमच्या पाड्यावर गाडी येत नाही. डांबरी सडक संपते तिथून आम्ही दीड तास चालतो. मागच्या उन्हाळ्यात आमचा हापसा बंद होता, आणि आई व माझी बहीण खाली नाल्यातल्या झिऱ्यावरून पाणी आणत होत्या. एक हंडा भरायला बराच वेळ बसून वाटीवाटीनं पाणी उपसावं लागतं.

यावर ‘मार्क तीन’ नावाचा सुधारलेला पंप आहे. त्यात वरचा पाइप पासष्ट मिलिमीटरचा, म्हणजे सिलिंडरहून रुंद असतो. त्यामुळे पाइप जागेवर ठेवून नुसत्या सळया ओढून दट्ट्या बाहेर काढता येतो आणि दोन-तीन माणसांत वायसर बदलता येतं. मात्र तो पाइप जवळपास दुप्पट जड आणि महाग. आधीच बसवलेले सगळे हापसे बदलणं आमच्यासारख्या विद्यार्थ्यांच्या हातात नव्हतं. म्हणून आम्ही चौघांनी प्रश्न उलटा धरला. हापशापर्यंत गाडी जात नसेल तर तिवई डोक्यावरून नेता येईल का?

आम्ही जस्ताचा थर दिलेल्या चाळीस मिलिमीटर पाइपची तिवई केली. प्रत्येक पायाचे दोन तुकडे, मधे पिन. वर पोलादी पट्टीचं डोकं, एक कप्पी, आणि एका पायाला हातानं फिरवायचा रहाट. इथे एक बारकावा आहे. दीडशे किलो वर ओढताना कप्पीवरून दोर खाली येतो, तेव्हा डोक्यावर दीडशे नव्हे, जवळजवळ तीनशे किलो भार पडतो. म्हणून पाय वाकतील का हे तीनशेवर आणि त्याहूनही जास्त धरून तपासलं. सगळा संच मिळून सुमारे साठ किलो झाला. चार ओझी केली तर प्रत्येकी पंधरा किलो. एका कळशीएवढं ओझं. आमच्याकडच्या बायका रोज तेवढं चढावरून नेतात.

इथून जवळच्या एका गावात ग्रामपंचायतीची परवानगी घेऊन आम्ही एका बंद हापशावर ती तिवई लावली. पंचायत समितीचे एक अनुभवी मेकॅनिक स्वतःच्या सुटीच्या दिवशी आले. त्यांनी आमच्या रहाटाला एक खिटी सुचवली, म्हणजे हात सुटला तरी पाइप खाली धावणार नाही. ती पुस्तकात नव्हती. चार माणसांनी सकाळी सुरुवात केली आणि दुपारी पाणी आलं. दोष तेवढाच होता, झिजलेलं वायसर. जमलेल्या बायकांपैकी एक आजी म्हणाल्या, ‘एवढ्याशा चकतीपायी आमी दोन वरसं दुसऱ्याच्या विहिरीवर?’ प्रोजेक्टला किती मार्क पडतील ते अजून कळायचंय, पण आजींचं वाक्य मी अहवालाच्या पहिल्या पानावर घातलंय.

उत्पत्तीच्या पुस्तकात इसहाकाची गोष्ट आहे. त्याच्या बापाच्या काळात खोदलेल्या विहिरी पलिष्ट्यांनी बुजवल्या होत्या. इसहाकानं त्या पुन्हा उकरल्या, आणि बापानं दिलेली नावंच त्यांना पुन्हा दिली. नवी विहीर खोदली की उद्घाटन होतं, दगड बसतो, फोटो निघतो. बुजलेली उकरणाऱ्याचा फोटो सहसा निघत नाही. पवित्र शास्त्रानं मात्र त्या कामाची नोंद ठेवली आहे. देखभाल-दुरुस्ती हे देवाच्या नजरेत लहान काम नाही, असं मी त्यातून शिकलो. आणि मला जे आयुष्यभर करायचं आहे ते हेच आहे. मोठं काही शोधून काढण्यापेक्षा जे आहे ते चालू ठेवण्याचं शास्त्र.

आता अवघड भाग.

शेवटच्या वर्षी मेकॅनिकलच्या वर्गात एकच प्रश्न असतो. मधल्या काही वर्षांत या शाखेच्या जागा राज्यभर रिकाम्या राहू लागल्या, कारण सगळ्यांना कम्प्युटर हवं. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांनी सॉफ्टवेअर कंपन्यांची वाट धरली. त्यांना मी नावं ठेवत नाही. घरी कर्ज असलेल्या मुलाला जिथे लवकर पगार मिळतो तिथे जावं लागतं. मला देवाच्या कृपेनं चाकणजवळच्या एका कारखान्यात ट्रेनी इंजिनीअर म्हणून निवडलं आहे. गिअर बनवणारा कारखाना आहे, आणि काम यंत्रांच्या देखभालीच्या विभागात. त्याच सुमारास मिशनच्या वडीलजनांनी प्रेमानं विचारलं, ‘तू परत सातपुड्यात जाऊन आपलं काम सांभाळशील का? थोडं मानधन देऊ.’

मला माहीत आहे, या व्यासपीठावरून ‘मी माझ्या लोकांत परत जातोय’ असं म्हटलं तर टाळ्या पडतील. वार्तापत्रातही ते छान दिसेल. मी खूप प्रार्थना केली, आईवडिलांशी बोललो, आणि मी चाकणची नोकरी घेतोय.

कारणं सांगतो. पहिलं घरचं. धाकटी बहीण नर्सिंग शिकते आहे, तिची दोन वर्षं बाकी आहेत. वडील दरवर्षी ऊसतोडीला येतात. त्यांना एका हंगामासाठी तरी घरी थांबवता यावं, ही माझी पहिली प्रार्थना आहे. दुसरं कारण कामाचं. मी एक हापसा उघडून दुरुस्त केला आहे. एका हापशाच्या जोरावर मी पाड्यांवर जाऊन इंजिनीअर म्हणवून घेतलं तर लोक विश्वास ठेवतील, आणि तीच भीतीची गोष्ट आहे. कारखान्यात शेकडो यंत्रं रोज चालू ठेवावी लागतात. कुठला भाग कधी झिजणार हे आधी ओळखायचं, सुटे भाग किती ठेवायचे, नोंदी कशा ठेवायच्या, हे तिथे शिस्तीत शिकायला मिळतं. आता पाड्यापाड्यांवर सौर पंपही येऊ लागलेत. एकाच बोअरवर हापसा आणि सौर पंप दोन्ही असतात. बसवतानाचा दिवस चांगला जातो, पण पाच वर्षांनी ते कोण बघणार? ते बघणारा माणूस नुसता भला असून चालत नाही, त्याला काम यावं लागतं.

तिसरं कारण सगळ्यात महत्त्वाचं. हापसा माझ्यावर अवलंबून राहू नये. उत्तर प्रदेशातल्या बांदा भागात १९९०च्या दशकात, महिला समाख्या कार्यक्रमातून, खेड्यातल्या बायकांनी हापसे दुरुस्त करण्याचं काम शिकून घेतलं होतं. त्यांतल्या कितीतरी जणी शाळेची पायरी चढलेल्या नव्हत्या. पाणी त्या आणतात, म्हणून हापसा बंद पडला की तो चालू व्हायची घाई त्यांनाच सगळ्यात जास्त. येत्या मे महिन्यात, नोकरीवर रुजू होण्याआधी, आमची तिवई मी धडगावला नेतोय. आमच्या आणि शेजारच्या तीन पाड्यांवरून प्रत्येकी दोन माणसं शिकायला तयार झाली आहेत, त्यांत पाच बायका आहेत आणि एक माझी आई. सूचना मी चित्रांतून काढल्यात, त्या वहीतल्या तिसऱ्या रकान्यासारख्या. पहिलं काम अर्थात आमच्याच बंद हापशाचं. तो चालू होईल की नाही हे आज सांगता येत नाही. बोअरमध्येच पाणी उतरलं असेल तर वायसर बदलून काही होणार नाही. प्रार्थनेत ही गोष्ट ठेवा.

तीन-चार वर्षांनी मी काय करीन? माझी आशा अशी आहे की धडगाव किंवा शहाद्याला एक लहान वर्कशॉप असावं. तिथे हापसे, सौर पंप, पिठाच्या गिरण्या, मळणी यंत्रं दुरुस्त व्हावीत, आणि आमच्या भागातल्या आयटीआय झालेल्या मुलांना गुजरातकडे न जाता काम मिळावं. दानावर न चालता ते आपल्या कमाईवर चालावं. ते होईल की नाही हे प्रभू जाणे. मी आज त्याचं वचन देत नाही, कारण दिलेलं वचन पाळावं लागतं. दिशा तेवढी सांगतो.

आता तुमच्याकडे चार मागणं आहे, माझ्यासाठी नाही, मागून येणाऱ्या मुलांसाठी.

पहिलं, डिप्लोमा सुरू होण्याआधीच्या दोन महिन्यांत मुलांना विषयातलं इंग्रजी शिकवणारं कोणीतरी हवं. तुमच्यात निवृत्त शिक्षक पुष्कळ आहेत. दुसरं, या परिसरात ज्यांचं वर्कशॉप, गॅरेज, वेल्डिंगचं दुकान आहे त्यांनी सुटीत एकेका मुलाला हाताखाली घ्यावं. पगार नाही दिला तरी चालेल, पण झाडू मारायला न लावता पाना हातात द्यावा. तिसरं, शेवटच्या वर्षी मुलाखतींना जायचा प्रवासखर्च, एक बरा शर्ट आणि बूट. फीला सरकारी शिष्यवृत्ती आहे, राहण्याजेवणालाही योजना आहेत, पण मुलाखतीच्या दिवशी बूट नाहीत म्हणून मागे राहिलेला मुलगा मला ठाऊक आहे. चौथं, आम्ही पत्र पाठवू तेव्हा ‘परत कधी येणार’ एवढंच विचारू नका. ‘काय शिकलास’ असं विचारा. मूल परत आलं तर मिशनचं यश आणि नोकरीला गेलं तर अपयश, असा हिशोब असेल, तर आमची मुलं तुम्हाला बरं वाटेल तेच सांगायला शिकतील.

सहा वर्षं तुम्ही मला भाकर दिली, छप्पर दिलं, आणि माझ्या नावानं देवापुढे उभे राहिलात. त्याची फेड मला करता येणार नाही, आणि तुम्ही ती मागितलीही नाही. चाकणला पहिला पगार झाला की त्यातला दशांश या वसतिगृहात येईल. त्यातून पहिल्यांदा गुण्या आणि दोन चांगल्या कानशी घ्या, अशी माझी विनंती आहे. इथे पुढच्या रांगेत बसलेल्या दोघांना त्या लागणार आहेत.

आमच्या पाड्यासाठी, तिथे शिकायला येणाऱ्या त्या आठ जणांसाठी आणि माझ्या बहिणीसाठी प्रार्थना करा. देव आपणा सर्वांना आशीर्वाद देवो. आमेन.